लष्करी गुप्तवार्तेत कोणती शाखा निवडावी? आधी प्रत्येक शाखा कशी फसवते ते बघा

प्रश्न असा आहे: वय २२, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हातात, एक परकी भाषा बऱ्यापैकी येते आणि लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात जायचं मनाशी पक्कं केलंय. पण सिगिंट, ह्युमिंट, इमिंट ही नावं वाचून गोंधळ उडतो. यातली सगळ्यात महत्त्वाची शाखा कोणती आणि 'खरं काम' कुठे असतं?

मी या कामात चोवीस वर्षं काढली. पहिली काही कानाला हेडफोन लावून, मधली उपग्रह छायाचित्रांवर डोळे ताणत, आणि शेवटची विश्लेषण कक्षात, दुसऱ्यांचे अहवाल एकमेकांशी ताडून बघत. 'सगळ्यात महत्त्वाची कोणती' हा प्रश्न मला तिन्ही ठिकाणी ऐकू आला आणि तिन्ही ठिकाणी लोकांचं उत्तर 'आमचीच' हे होतं. तेव्हा तो प्रश्न सोडा. त्याऐवजी प्रत्येक शाखेबद्दल विचारा की ही मला कशी फसवेल? फसवतात सगळ्याच, फक्त तऱ्हा निराळी. ज्या तऱ्हेशी तुमचा स्वभाव रोज सकाळी उठून झगडू शकेल, तिथे तुम्ही टिकाल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मे उमेदवार इथेच निराश होतात. लष्करी गुप्तवार्ता म्हणजे वेषांतर करून शत्रूच्या राजधानीत फिरणं नव्हे. तो बहुतेक देशांत नागरी गुप्तचर संस्थांचा प्रांत आहे. लष्करात प्रश्न येतो तो सेनापतीकडून, आणि तो रोखठोक असतो: समोर कोण आहे, किती आहेत, कुठे आहेत, आणि उद्या सकाळपर्यंत काय करतील? याचं उत्तर शोधणारी बहुतेक माणसं खुर्चीत बसलेली असतात. अमेरिकी सैन्यातली पदांची यादीच बघा. ३५ एफ विश्लेषक, ३५ जी छायाचित्रं वाचणारे, ३५ एन सिग्नल विश्लेषक, ३५ पी भाषातज्ज्ञ, ३५ एल प्रतिहेरगिरी, ३५ एम माणसांकडून माहिती काढणारे, ३५ टी तर उपकरणं चालू ठेवणारे. यातले ३५ एल आणि ३५ एम सोडले तर बाकीच्यांच्या नजरेला शत्रू प्रत्यक्षात पडत नाही.

आता सिग्नल, म्हणजे सिगिंट. याचे दोन मोठे भाग आहेत आणि बाहेरच्यांना त्यातला एकच माहीत असतो. पहिला संभाषणाचा: वायरलेस, फोन, डेटा, जे काही माणसं एकमेकांशी बोलतात ते. दुसरा बोलण्याशी संबंध नसलेल्या लहरींचा, मुख्यतः रडारचा. याला एलिंट म्हणतात. रडार दर सेकंदाला किती पल्स सोडतं, प्रत्येक पल्स किती लांबीची, अँटेना किती वेळात एक फेरी पुरी करतो, यावरून ते कोणत्या जातीचं हे ओळखतात. पुरेसं बारीक मोजलं तर त्याच जातीच्या दोन रडारांमधला फरकही कळतो. तुमची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी इथे सरळ उपयोगी पडेल, आणि या कामाला माणसं कायम कमी पडतात, कारण त्यात रोमहर्षक असं काहीच दिसत नाही.

संभाषणाच्या बाजूलाही संकेतलिपी फोडणं हा कामाचा लहानसा हिस्सा आहे. कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळ बोललं, कोणत्या केंद्राच्या मागे कोणतं केंद्र सुरू होतं, एवढ्यावरून एका शब्दाचाही अर्थ न लावता सैन्याची रचना कागदावर उतरवता येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्क केंद्रात एनिग्मा ही जर्मन संकेतलिपी फोडल्याची गोष्ट सगळे सांगतात. तिथेच संदेशांच्या ये-जा करण्याच्या अशा विश्लेषणावर गॉर्डन वेल्चमन यांनी सुरुवातीपासून जोर दिला होता, हे फार थोडे सांगतात.

सिगिंट फसवतं ते दोन प्रकारे. पहिला प्रकार शांततेचा. मी नवखा असताना एका रडारची नोंद ठेवत होतो. एके दिवशी ते बंद झालं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी अहवाल पाठवला: तुकडी हलली. पाचव्या दिवशी ते त्याच जागी, त्याच चालीने पुन्हा सुरू झालं. बहुधा दुरुस्तीसाठी बंद असावं. मला फक्त एवढंच माहीत होतं की आवाज थांबलाय. हलली हे मी पदरचं घातलं होतं. माझ्या वरिष्ठांनी ओरडा दिला नाही. तो अहवाल त्यांनी महिनाभर माझ्या टेबलासमोर लावून ठेवला.

दुसरा प्रकार जास्त घातक, आणि त्याचं उदाहरण ३१ मे १९१६ चं आहे. पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या सागरी लढाईच्या दिवशी ब्रिटिश नौदलाच्या कार्यवाही विभागाचे संचालक कॅप्टन थॉमस जॅक्सन सिग्नल वाचणाऱ्या 'रूम ४०'मध्ये आले आणि त्यांनी विचारलं, डीके ही कॉल साइन, म्हणजे वायरलेसवरची ओळखीची खूण, कुठे आहे? उत्तर मिळालं, विल्हेल्म्सहाफेन बंदरात. ते गेले आणि समुद्रावरच्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल जेलिको यांना कळवण्यात आलं की जर्मन सेनापती शेअर यांचं मुख्य जहाज अजून बंदरातच आहे. प्रत्यक्षात शेअर केव्हाच समुद्रावर आले होते. ते निघाले की आपली कॉल साइन किनाऱ्यावरच्या केंद्राला देऊन जायचे आणि स्वतः दुसरी वापरायचे. रूम ४० मधल्यांना ही खोड माहीत होती. पण त्यांना 'शेअर कुठे आहेत' असं कोणी विचारलंच नाही, आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. काही तासांनी तोच ताफा जेलिकोंच्या समोर उभा राहिला, आणि त्यानंतर लंडनहून आलेल्या कोणत्याही माहितीवरचा त्यांचा भरवसा उडाला. उत्तर अचूक आणि परिणाम पूर्ण चुकीचा. सिगिंटमध्ये जाणार असाल तर विचारलेल्या प्रश्नाच्या मागचा प्रश्न ओळखायची सवय लावून घ्या.

याच शाखेची चांगली बाजूही नौदलाचीच आहे. मे १९४२ मध्ये जपानी संदेशांत 'एएफ' या ठिकाणी हल्ला होणार असं दिसत होतं. पर्ल हार्बरमधल्या अमेरिकी नौदलाच्या जोसेफ रोशफोर्ट यांच्या गटाला ते मिडवे बेट वाटत होतं, वॉशिंग्टनला ते पटेना. मग मिडवेला समुद्राखालच्या केबलवरून निरोप गेला की उघड भाषेत वायरलेसवर सांगा, आमचं पाणी गोडं करण्याचं यंत्र बिघडलंय. दोन दिवसांत जपानी संदेश पकडला गेला: एएफला गोड्या पाण्याची टंचाई आहे. मला यातली अक्कलहुशारी आवडतेच, पण त्याहून आवडतं ते हे की त्यांनी स्वतःच्या तर्काला खोटं ठरण्याची संधी दिली.

छायाचित्रांची शाखा, इमिंट, जिला हल्ली भूस्थानिक माहितीशी जोडून जिओइंट म्हणतात, ती स्वभावाने अगदी वेगळी. इथे घाई करणारा माणूस चालत नाही. शिकवताना आकार, आकारमान, सावली, छटा, मांडणी आणि आजूबाजूचं वातावरण या क्रमाने शिकवतात, पण खरं कसब असतं ते कालच्या आणि आजच्या चित्रातला फरक दिसण्यात. गवतावर उमटलेली चाकांची नवी वाट बरेचदा वाहनापेक्षा जास्त बोलते. वाहन झाकता येतं, वाट झाकणं अवघड. ढगातून आणि रात्रीही बघणारी रडार प्रतिमा आली तेव्हा आम्हाला सगळं नव्याने शिकावं लागलं, कारण तिच्यात उंच वस्तू उपग्रहाच्या बाजूला कलंडलेल्या दिसतात आणि धातू उगाचच झगमगतो. पहिले सहा महिने मी एका धान्याच्या गोदामाला चिलखती वाहनांचा तळ म्हणत होतो, असं सहकारी अजून सांगतात. तीन महिने, सहा नव्हे.

१९४३ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या मेडमनम इथल्या छायाचित्र वाचन केंद्रात कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना सांगण्यात आलं की पेनेम्युंडे या जर्मन अस्त्रचाचणी तळाच्या चित्रांत काहीतरी फार लहान, लढाऊ विमानाहूनही लहान, शोधा. त्यांना एका उतरत्या रॅम्पवर इवलासा क्रॉससारखा ठिपका सापडला. ते व्ही-१, म्हणजे जर्मनांचा उडता बॉम्ब होता, आणि त्या रॅम्पसारखेच रॅम्प फ्रान्समध्ये बांधले जात होते. लक्षात घ्या, आधी कोणीतरी 'लहान' हा शब्द सांगितला होता म्हणून तो ठिपका दिसला. न सांगितलेलं दिसत नाही आणि सांगितलेलं मात्र प्रत्यक्षात नसलं तरी दिसू लागतं. छायाचित्राची फसवणूक नेमकी इथे आहे. चित्र खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. फुगवलेले रबरी रणगाडे पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही.

ऑक्टोबर १९६२ ची क्युबाची चित्रं तर दोन शाखांमधलं नातं समजायला उत्तम. १४ तारखेला यू-२ विमानाने ती घेतली. १६ तारखेला ती अमेरिकी राष्ट्राध्यक्षांसमोर आली तेव्हा त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांना त्यात शेतासाठी किंवा घराच्या पायासाठी साफ केलेली जागा दिसली, असं त्यांनीच पुढे लिहिलं. तज्ज्ञांना मात्र मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं दिसली. कशावरून? लांबी मोजली हे खरं, पण मोजलेली लांबी कशाशी जुळवायची ते कळलं एका माणसामुळे. सोव्हिएत लष्करी गुप्तवार्तेतले कर्नल ओलेग पेन्कोव्स्की यांनी त्याआधीच क्षेपणास्त्रांची तांत्रिक कागदपत्रं पश्चिमेकडे पोचवली होती. चित्राने जागा सांगितली, माणसाने वस्तू सांगितली.

तेव्हा माणसांकडे, म्हणजे ह्युमिंटकडे, वळू. लष्करात याचं रूप मुख्यतः चौकशी, निर्वासितांशी आणि स्थानिकांशी बोलणं, आणि काही मोजक्या लोकांसाठी खबरे सांभाळणं असं असतं. दरडावून माहिती मिळते हा समज पडद्यावरून आलाय. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलात चौकशी करणारे हान्स शार्फ कैद्यांशी गप्पा मारत, त्यांना फिरायला नेत, आणि आपल्याला सगळं आधीच माहीत आहे असं भासवत. त्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: अमेरिकी विमानांच्या गोळ्यांचा प्रकाशमान रंग मध्येच पांढरा का होतो हे त्यांना हवं होतं. त्यांनी सहज म्हटलं, रसायन कमी पडत असेल तुमच्याकडे. कैदी वैमानिक म्हणाला, छे, गोळ्या संपत आल्याची ती खूण आहे.

इथली फसवणूक सगळ्यात जुनी: समोरचा तुम्हाला आवडायला लागतो. खबऱ्याला काहीतरी हवं असतं, पैसा, आसरा, सूड किंवा नुसतं महत्त्व, आणि तुम्हाला हवं ते ऐकवलं की ते मिळतं हे त्याला लवकर कळतं. इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची कथा 'कर्व्हबॉल' नावाच्या एका खबऱ्याच्या तोंडून आली, ५ फेब्रुवारी २००३ रोजी ती संयुक्त राष्ट्रांत मांडली गेली, आणि २०११ मध्ये त्यानेच ती रचल्याचं कबूल केलं. यावर उपाय म्हणून नाटो देशांत प्रत्येक बातमीला दोन खुणा देतात: स्रोत किती भरवशाचा यासाठी ए ते एफ, आणि बातमी किती खरी वाटते यासाठी १ ते ६. दोन्ही वेगवेगळ्या असतात, हे महत्त्वाचं. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येऊ शकतो आणि थापाड्याही एखादे दिवशी खरं बोलतो. नवे अधिकारी मात्र हमखास बी २ लिहून मोकळे होतात. माझ्या कक्षात मी बी २ आलं की 'का?' असा एका शब्दाचा शेरा मारून परत पाठवायचो.

परकी भाषा येते असं तुम्ही लिहिलंय. ती ह्युमिंट आणि सिगिंट दोन्हीकडे चालते, पण 'बऱ्यापैकी येते' हे पुरत नाही. अमेरिकी सैन्याच्या मॉन्टेरेमधल्या भाषासंस्थेत रशियनचा मूळ अभ्यासक्रम ४८ आठवड्यांचा, अरबी, चिनी, कोरियनचा ६४ आठवड्यांचा असतो, आणि तेवढं करून आलेलाही खरखरीत वायरलेसवर बोलीभाषेत शिव्या देणारा सैनिक ऐकला की पहिले काही महिने भांबावतो.

तांत्रिक शाखा दोन ओळींत सांगतो. मासिंट म्हणजे आवाज, कंप, किरणोत्सर्ग, उष्णता यांची मोजमापं. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब फोडला तो ३ सप्टेंबरला एका अमेरिकी हवामान विमानाच्या गाळणीवर साचलेल्या कणांवरून कळला. दुसरी, शत्रूची सामग्री हाती आणून उघडून बघणारी. १९४२ मध्ये अल्यूशियन बेटांवर दलदलीत पडलेलं एक जपानी झिरो विमान दुरुस्त करून उडवलं, तेव्हा समजलं की एकदम खाली नाक केलं की त्याचं इंजिन अडखळतं. तुम्ही अभियंते आहात, ही शाखा विसरू नका. इथे मोजमाप अचूक येतं आणि त्यामुळेच माणूस त्याच्या अर्थाबद्दलही निर्धास्त होतो, हाच धोका.

उघड स्रोतांची, ओसिंटची, शाखा मी रुजू झालो तेव्हा वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवणं एवढीच होती. आता सैनिकच फोनवरून आपला ठावठिकाणा जाहीर करतात. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये वापरकर्त्यांच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ओसाड प्रदेशात उजळलेले चौकोन म्हणजे लष्करी तळांवर धावणारे सैनिक आहेत. घरबसल्या सराव करता येईल अशी ही एकमेव शाखा आहे. एखादं सार्वजनिक छायाचित्र घ्या आणि सावली, फलक, डोंगराची रेघ यांवरून ते कुठलं आणि किती वाजताचं हे काढून बघा. इथे बातमी मिळत नाही असं होत नाही, एकच बातमी चाळीस तोंडांनी येते आणि चाळीस साक्षीदार असल्यासारखं वाटतं.

प्रतिहेरगिरीबद्दल मी कमी बोलेन, कारण मी त्यात नव्हतो आणि त्यातली चांगली माणसं बोलत नाहीत. तिथे संशय हा धंदा आहे. संशय पुरेसा नसला तर काय होतं ते हुआन पुहोल गार्सिया, म्हणजे 'गार्बो', यांच्यावरून दिसतं. त्यांनी जर्मनांसाठी २७ उपहेरांचं जाळं चालवलं. त्यातला एकही अस्तित्वात नव्हता आणि ते स्वतः ब्रिटिशांचे होते. जर्मनांनी त्यांना आयर्न क्रॉस दिला, ब्रिटिशांनी एमबीई हा किताब. संशय जास्त झाला तर मात्र घरचीच माणसं होरपळतात, आणि घरी जाऊनही तो मनातून उतरत नाही हे मी मित्रांमध्ये पाहिलंय.

सगळ्या स्रोतांचं विश्लेषण ही शेवटची शाखा, आणि इथे फसवणारा बाहेरचा नसतोच. १९७३ च्या शरद ऋतूत इस्रायली लष्करी गुप्तवार्तेची धारणा होती की दूरवर मारा करणारी बॉम्बफेकी विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही आणि इजिप्तशिवाय सीरिया लढणार नाही. दक्षिण विभागातल्या बेन्यामिन सिमान-टोव्ह या कनिष्ठ अधिकाऱ्याने १ आणि ३ ऑक्टोबरला लेखी कळवलं की सुएझ कालव्यापलीकडचा सराव हा खऱ्या हल्ल्याचा बुरखा आहे. वरिष्ठाने ते पुढे पाठवलं नाही. युद्ध ६ ऑक्टोबरला सुरू झालं. छायाचित्रं होती, सिग्नल होते, सगळं होतं. पण जे आलं ते धारणेत बसवलं गेलं.

दुसरी अडचण शब्दांची. १९५१ मध्ये अमेरिकी विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे असं लिहिलं. शर्मन केंट यांनी नंतर आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, म्हणजे किती? उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली, आणि त्या सगळ्यांनी एकाच वाक्यावर सहमती दिली होती. तुमच्या अहवालातलं 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य खोडायला आजच शिका.

या शाखेला लागूनच लक्ष्यनिश्चितीचं काम येतं, आणि तिथे चूक म्हणजे माणसं मरतात. ७ मे १९९९ रोजी बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्हियाच्या एका लष्करी खरेदी कार्यालयासाठी टाकलेले बॉम्ब चिनी दूतावासावर पडले, तीन जण गेले. बॉम्ब नेमके दिलेल्या जागीच पडले होते. दूतावास १९९६ मध्ये तिथे हलला होता आणि नकाशे व हल्ला-निषिद्ध यादी जुनी राहिली होती. या कामात रोज करायची गोष्ट म्हणजे कोणीतरी आधीच तपासलेलं पुन्हा तपासणं. ते तुम्हाला अपमानास्पद वाटत असेल तर इथे येऊ नका.

आता तुमच्यापुरतं. मी असतो तर एलिंटपासून सुरुवात केली असती. पदवी कामी येते, मोजमापाची शिस्त लागते, आणि ते कौशल्य बाहेर पडल्यावरही दूरसंचार किंवा सायबर क्षेत्रात विकता येतं. खबरे सांभाळण्याचा अनुभव अर्जात लिहितासुद्धा येत नाही. पाच-सहा वर्षांनी विश्लेषणात या. थेट विश्लेषणात भरती झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, त्यांना सिग्नलचा अहवाल हे निकालपत्र वाटतं, कारण तो लिहिताना त्यातला किती भाग अंदाज असतो हे त्यांनी कधी अनुभवलेलं नसतं. भाषा सोडू नका, रोज तासभर बोलीभाषेतलं काहीतरी ऐका, बातम्या नकोत.

आणि पार्श्वभूमी तपासणीचा अर्ज आला की कर्ज, परदेशी मित्र, एखादं जुनं प्रकरण, जे असेल ते लिहून टाका. लिहिलेल्या कर्जामुळे अडलेला उमेदवार मला आठवत नाही. लपवलेल्या कर्जामुळे अडलेले तिघे आठवतात, आणि त्यातला एक माझ्यापेक्षा चांगला कान असलेला होता.